जुनी येझदी घ्यायचीय, लाख रुपये द्यावेत का? (वाचक विचारतात)

प्रश्न: नमस्कार दादा, मी उदगीरचा. लहानपणापासून येझदी रोडकिंग ही जुनी मोटरसायकल घ्यायची इच्छा आहे. सध्या दोन गाड्या समोर आहेत. एक बिदरच्या डीलरकडं, केए-38 नंबर, 1991 मॉडेल, नवा लाल कलर, सगळं क्रोम चकाचक, 1 लाख 10 हजार मागू लागलाय आणि म्हणतो ट्विन सिलिंडर आहे. दुसरी आमच्याच गावातल्या रिटायर गुरुजींची, 1981 ची, आठ वर्षं गोठ्यात उभी, चालू नाही, ते 55 हजार म्हणतात. बायको म्हणते घ्यायचीच तर चालू गाडी घ्या. कोणती घेऊ आणि रेट बरोबर आहे का?

उत्तर: भाऊ, आधी त्या ट्विन सिलिंडरचं बघू. रोडकिंगला सायलेन्सर दोन असतात पण सिलिंडर एकच, 250 सीसीचा. दोन सिलिंडरवाल्या म्हणजे राजदूत 350 सारख्या, त्या गाड्याच वेगळ्या. डीलरला हे माहीत नसंल तर त्यानं ती गाडी नुसती विकायला उभी केलीय, आणि माहीत असून बोलला असंल तर पुढचं त्याच्या तोंडचं काहीच खरं धरू नका.

जुन्या गाडीचा रेट जाहिरातीत बघून कळत नाही, कारण तिथं दिसतो तो मागितलेला आकडा, सुटलेला नाही. 2018 ला नवी जावा (येझदीच्याच घराण्यातली गाडी) आली, 2022 ला नवी येझदी आली, तेव्हापासून जुन्यावाल्यांनी आपापले आकडे वाढवून ठेवलेत. माझा हिशोब साधा आहे, पूर्ण चांगल्या, कागद क्लिअर असलेल्या गाडीला तुमच्या भागात खरोखर किती पैसे मोजले गेले ते दोन-चार मालकांना विचारा (जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगाव जमतात, तिथं लोक खरं सांगतात), मग समोरच्या गाडीला त्या लेव्हलला आणायला लागणारा खर्च त्यातून वजा करा. उरलं तो रेट.

आणि सगळ्यात आधी कागद. 2014 ला मी एका एजंटकडून अशीच चकाचक येझदी घेतली, आरसी बुक हातात होतं म्हणून निवांत होतो. आरटीओत गेल्यावर चेसी नंबर घासून परत मारलेला निघाला, गाडी नावावर झालीच नाही, पैसेही परत मिळाले नाहीत, लई दिवस झोप नव्हती. म्हणून सांगतो, जाताना पेन्सिल आणि पातळ कागद खिशात ठेवा. हँडलखाली फ्रेमच्या मानेवर नंबर असतो, त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासा, ठसा उमटतो. आकडे एका ओळीत, एका खोलीचे आहेत का, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे किंवा जाड कलर आहे का, ते बघा आणि बुकाशी एकेक आकडा लावून बघा. इंजिन नंबरचंही तसंच. जुळत नसंल तर ती गाडी फक्त स्पेअरच्या भावाची, कलर कितीही भारी असू द्या.

बिदरच्या गाडीला अजून एक भानगड आहे. दुसऱ्या राज्यातली म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) लागणार, फॉर्म 28, मग इथला टॅक्स भरून एमएच नंबर. डीलर म्हणंल तुम्ही घेऊन जा, एनओसी नंतर देतो. नाही म्हणा. एनओसी हातात आल्याशिवाय टोकनच्या पुढं एक रुपया देऊ नका.

गाडी बघायला सकाळी न सांगता जा, इंजिन गार पाहिजे. सिलिंडरला हात लावून बघा, कोमट लागलं म्हणजे तुमच्याआधी कोणीतरी किका मारून ठेवलीय. येझदीचा गिअर आणि किक एकाच दांड्यावर असते, दांडा आत दाबून वर फिरवला की किक होते, तो घसरतो का बघा. चालू झाल्यावर सुरुवातीचा धूर टू-स्ट्रोकला (पेट्रोलसोबत ऑइलही जाळणारं इंजिन) असतोच, त्याला घाबरू नका. पण पाच-सात मिनिटं चालून, इंजिन गरम होऊनही पांढरा लोट थांबत नसंल आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी भरत असंल तर क्रँकचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्सचं ऑइल जळू लागलंय, म्हणजे इंजिन खोलावं लागणार. टाकीवर फ्रिजचा मॅग्नेट रुमालात गुंडाळून फिरवा, जिथं धरत नाही तिथं आत पुट्टी आहे. नव्या कलरला मी म्हणूनच कधी जास्त पैसे देत नाही, खाली काय आहे ते झाकलेलं असतं.

आता गुरुजींची गाडी. ती बंद आहे हे खरं, पण पहिला मालक समोर बसलाय आणि त्याच्या सहीला तुम्ही चालत जाऊ शकता, ही लई मोठी गोष्ट आहे. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर त्यांच्याच सह्या लागतात, माणूस गेला की फॉर्म 31, वारसांचे कागद आणि वर्षभर चकरा. रजिस्ट्रेशन पहिल्यांदा 15 वर्षांचं, पुढं दर 5 वर्षांनी रिन्यू करावं लागतं, ते तुंबलं असणार, दंड चढला असणार. अजून एक, इतक्या जुन्या गाडीची नोंद कॉम्प्युटरवर नसते बऱ्याचदा, आरटीओत बुक दाखवून बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, त्याशिवाय ट्रान्सफर होत नाही आणि नवी सिक्युरिटी नंबर प्लेटही मिळत नाही. ही एन्ट्री आणि रिन्यूअल गुरुजींच्या नावावर आधी करून घ्या, खर्च वाटून घेऊ म्हणा.

माझ्या गेल्या कामाचा अंदाज सांगतो. क्रँक, बेअरिंग, सील, बोअर-पिस्टन मजुरीसकट 20 हजार, टायर, वायरिंग, केबल 10 हजार, क्रोम 10 हजार. म्हणजे 55 वर 40 धरले तर 95 झाले, कागदाचा खर्च वेगळा. म्हणून गुरुजींना 40 पासून बोला, 45 ला जमलं तर घेऊन टाका. आपल्या इकडची हवा कोरडी, गोठ्यातल्या गाडीचा पत्रा कोकणातल्यासारखा सडत नाही, रबर मात्र उन्हानं तडकलेलं असतं, ते स्वस्तातलं काम आहे. जायच्या आधी दोन्ही सायलेन्सर, साइड बॉक्स, मीटर, टूल किट जागेवर आहे का मोजा, ओरिजिनल पार्ट शोधायलाच वर्ष जातं.

वहिनींचं म्हणणं चूक नाही, रोज वापरायची असंल तर चालू गाडीच घ्यावी. पण रोजच्याला तुमच्याकडं दुसरी गाडी असंल तर मी गुरुजींकडं जाईन.

प्रश्न: वडिलांची 1979 ची राजदूत घरी आहे. ते आता नाहीत. भंगारवाला 4 हजार म्हणतो. देऊन टाकू का? व्हिंटेज म्हणून जास्त येतील का? (एक वाचक भगिनी, जालना)

उत्तर: ताई, भंगारात देऊ नका. तो लोखंडाचा भाव सांगतोय, गाडीचा नाही. एस्कॉर्ट्सची 175 सीसीची राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बनलेली, दूधवाल्यांनी कॅन लावून आयुष्यभर पिटाळली, म्हणून धड राहिलेल्या कमीच. मागची फ्रेम कॅनच्या वजनानं वाकलेली नसंल तर आवडीचा माणूस भंगारापेक्षा खूप जास्त देईल. कायद्यात व्हिंटेज म्हणजे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून 50 वर्षं पूर्ण, तुमची 2029 ला होईल, आणि तशी नोंद केली की रोज रस्त्यावर चालवता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन वगैरे. त्यासाठी थांबू नका. आधी बुक शोधा आणि फॉर्म 31 भरून गाडी तुमच्या नावावर करा, मग विकायची का ठेवायची ते ठरवा. वडिलांच्या हातची आहे, घाई करू नका.

प्रश्न: यामाहाची आरएक्स 100 म्हणून दाखवलेली गाडी खरी आरएक्स 100 च आहे हे कसं ओळखायचं? (नांदेड)

उत्तर: टाकीवरचं नाव बघूच नका, 135 ला 100 चे स्टिकर लावलेल्या गाड्या सर्रास फिरतात. बुकात सीसी बघा, 98 पाहिजे. 132 असंल तर ती आरएक्स 135 आहे. साल 1985 ते 1996 मधलं पाहिजे, त्यानंतरचं असंल तर तिथंच उठा. बुक 98 सीसीचं आणि इंजिन नंबर वेगळा असंल तर दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलंय, ते सोडून द्या.