छापणं बंद झालेली बायोडायनॅमिक शेतीची पुस्तकं स्कॅन करून ग्रुपवर टाकली तर चालतं का?

तुमचं म्हणणं असं की बायोडायनॅमिक शेतीची (शेणाची खास खतं वापरणारी आणि चंद्र-ग्रहांच्या वेळा पाळणारी सेंद्रिय शेती) ही जुनी इंग्रजी पुस्तकं आता कुठेच विकत मिळत नाहीत, मग पीडीएफ करून शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली तर कुणाचं काय बिघडलं? मी गावातलं सार्वजनिक वाचनालय सांभाळतो आणि शेतीची जुनी पुस्तकं जमवतो, त्यामुळे हा प्रश्न मलाही नेहमीचाच.

दुकानातून पुस्तक गेलं म्हणून त्यावरचा हक्क जात नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक हयात असेपर्यंत आणि निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ही वर्षं निधनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. तेव्हा आधी संबंधित माणसं कधी वारली ते शोधा. माणसं म्हणतोय, कारण अनुवादकाचा हक्क मूळ लेखकापेक्षा वेगळा असतो आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांचंच बघा. जून १९२४ मध्ये त्यांनी कोबेरविट्झला (हे गाव आता पोलंडमध्ये आहे) आठ व्याख्यानं दिली, त्यांतून ही शेती सुरू झाली. मार्च १९२५ मध्ये ते वारले, त्यामुळे मूळ जर्मन मजकूर केव्हाच मोकळा झालाय. पण आपण वाचतो इंग्रजी. तुमच्याकडे या व्याख्यानांचा जॉर्ज अ‍ॅडम्स यांचा अनुवाद असेल तर ते १९६३ मध्ये गेले, म्हणजे भारतात तो १ जानेवारी २०२४ पासून मोकळा. ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची आहे, तिथे २०३३ संपेपर्यंत थांबावं लागेल. १९९३ चा क्रीगर आणि गार्डनर यांचा अनुवाद मात्र टाकू नका. या शेतीवर लिहिणारे एरेनफ्रीड फायफर १९६१ मध्ये वारले, पण त्यांचं जर्मनमधून आलेलं पुस्तक असेल तर अनुवादकाचं सालही तपासा. चंद्रावरून पेरणीची पंचांगं करणाऱ्या मारिया थुन तर २०१२ मध्ये गेल्या, त्यांची पुस्तकं आपल्या हयातीत मोकळी होणं कठीणच.

मला एक गोष्ट फार लागते. स्टायनर यांच्या व्याख्यानांच्या सुरुवातीच्या प्रती क्रमांक घालून, ज्याला दिली त्याचं नाव लिहून, ठरावीक सभासदांनाच मिळत, आणि बाहेर दाखवायची मनाई असे. शेतकऱ्यांसाठी बोललेलं सगळ्या शेतकऱ्यांपर्यंत पोचायला वर्षं लागली. म्हणून ही पुस्तकं फिरावीत, असं मलाही मनापासून वाटतं.

आणि फिरवायला कायदेशीर वाटा आहेत. त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ना-नफा सार्वजनिक वाचनालय स्वतःच्या वापरासाठी काढू शकतं, आणि स्वतःकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी डिजिटल प्रतही ठेवू शकतं. कसर लागलेल्या, पानं हातात तुटणाऱ्या पुस्तकांसाठी मी याचाच आधार घेतो. ती प्रत ग्रुपवर टाकणं यात बसत नाही. छापील पुस्तक मात्र एकाने दुसऱ्याला वाचायला द्यायला कुणाची आडकाठी नाही.

शिवाय हक्क असतो तो लिहिलेल्या शब्दांवर, पद्धतीवर नाही. गाईच्या शिंगात शेण भरून पावसाळ्यानंतर पुरायचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी काढायचं, त्यातलं थोडंसं खत पाण्यात तासभर उलटसुलट ढवळून शिंपडायचं, हे तुम्ही स्वतःच्या मराठीत, स्वतःच्या शेतातले फोटो घालून खुशाल लिहा. पंचवीस पानांची अशी पुस्तिका जुन्या इंग्रजी पीडीएफपेक्षा जास्त वाचली जाईल. फक्त आकृत्या आणि तक्ते जसेच्या तसे उचलू नका.

ज्यावर हक्क शिल्लक आहे त्यासाठी सरळ पत्र लिहा. प्रकाशकाबरोबर लेखकाच्या वारसांनाही लिहा, कारण आपल्या कायद्यात मे १९९५ नंतरच्या करारात मुदत लिहिली नसेल तर हक्काचं हस्तांतरण पाच वर्षांचंच धरतात, म्हणजे हक्क घरच्यांकडे परतलेला असू शकतो. कोणतं पुस्तक, कोणत्या भाषेत, किती लोकांना, पैसे घेणार की नाही, एवढं स्पष्ट लिहा.

तुमच्याकडच्या पुस्तकांच्या शीर्षकपानामागच्या बाजूचा फोटो कमेंटमध्ये टाका, त्यावरून कुणाकुणाची सालं शोधायची ते सांगतो.