वाचक विचारतात : तीन की एक?

प्रश्न : काका, मकरपुऱ्याला माझ्याच शिफ्टला एक ख्रिस्ती मित्र आहे, नाताळला त्याच्या घरी गेलो तेव्हा विषय निघाला. पिता, पुत्र, पवित्र आत्मा तिघेही देव, तरी देव एकच म्हणे. मी म्हटलं आपल्या दत्तासारखंच ना, तर म्हणाला छे, तसं नाही. मग कसं? तर ते रहस्य आहे, विचारायचं नसतं. तुम्हाला पटतं का हे? (दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : दत्ताबद्दल मित्र बरोबर बोलला, "विचारायचं नसतं" हे काही पटलं नाही. गरुडेश्वरच्या वाऱ्या करणाऱ्या आपल्या लोकांना तीन तोंडं, एक मूर्ती यात अडचण वाटत नाही, पण एकच देव तीन रूपं घेतो असं म्हणणाऱ्या साबेलियसला चर्चने तिसऱ्या शतकातच पाखंडी ठरवलं. तीन वेगळे देव म्हटलं तर तेही चालत नाही. देवाला काय म्हणायचं नाही तेवढंच हा त्रैक्याचा (तिघे मिळून एकच देव) सिद्धांत पक्कं सांगतो, मला तरी वाचून असंच वाटतं.

आता गंमत बघा. योहानाच्या शुभवर्तमानातच येशू एकीकडे म्हणतो मी आणि पिता एक आहोत (10:30), आणि चार अध्याय पुढे म्हणतो पिता माझ्यापेक्षा थोर आहे (14:28). मार्कात तर शेवटचा दिवस कधी ते पुत्रालाही माहीत नाही, फक्त पित्याला (13:32). मग भांडण होणारच. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणाला पुत्र हा देवाने निर्माण केलेला, सगळ्यांत थोर, पण पित्याच्या बरोबरीचा नाही, त्यावर 325 साली बादशहा कॉन्स्टंटाइनने नायसियाला बिशपांची सभा बोलावली आणि एरियस हरला. पण प्रकरण मिटलं कुठे, पुढचा बादशहा एरियसवाल्यांकडे झुकला, एरियसच्या विरोधातल्या बिशप अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, आणि पवित्र आत्म्याचं नीट ठरायला 381 ची कॉन्स्टँटिनोपलची सभा लागली. जे ठरायला एवढा काळ गेला त्यावर तुम्ही एक प्रश्न विचारला तर बिघडलं कुठे?

आपल्या माणसांनीही विचारलंय. पंडिता रमाबाईंनी 1883 ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्रैक्यावरून पत्रांतून चांगलाच वाद घातला, तरी बाई ख्रिस्तीच राहिल्या. विठ्ठल रामजी शिंदे 1901 ला ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले, ते युनिटेरियन लोकांचं, म्हणजे देव एकच आणि येशू देव नव्हे असं मानणाऱ्यांचं. त्यांच्या जाण्याला पैशाची मदत कोणी केली? आपल्या सयाजीराव महाराजांनी! मित्राला हे जरूर सांगा, चहा पाजून सांगा.

प्रश्न : योहानाच्या पहिल्या पत्रात 5:7 ला "पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, हे तिघे एक आहेत" असं स्पष्ट लिहिलंय की, मग वाद कसला? (फतेगंज, वडोदरा)

उत्तर : ते वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीये. इरॅस्मस नावाच्या डच विद्वानाने 1516 ला ग्रीक नवा करार छापला तेव्हा त्यात नव्हतं, ओरड झाली म्हणून 1522 च्या आवृत्तीत आलं, तिथून इंग्रजीतल्या किंग जेम्स बायबलात. हल्लीची बहुतेक भाषांतरं ते गाळतात किंवा तळटीपेत टाकतात. त्रैक्य मानणारे अभ्यासकसुद्धा आता त्याचा आधार घेत नाहीत. बाजू मांडायचीच असेल तर मत्तय 28:19 काढा, बाप्तिस्म्याच्या आज्ञेत तिन्ही नावं एकत्र आहेत, पण तिघं बरोबरीचे की कसे ते तिथेही लिहिलेलं नाही.