जीए एकच, मग द्राक्षाला एक आणि लिंबाला दुसरंच का?

जत तालुक्यातल्या बारावी सायन्सच्या एका मुलीचं पत्र आलंय. घरी दोन एकर कागदी लिंबू आहे. ती लिहिते, ‘तासगावचे मामा द्राक्षमणी फुगवायला जीए वापरतात. आमच्याकडे मात्र जूनमध्ये जीए फवारलं ते फूल येऊ नये म्हणून! हे कसं? मला यातच शिकायचंय. बाबा म्हणतात, ॲग्री करून शेवटी औषधाचं दुकानच टाकशील.’

पोरी, तुझा हा प्रश्नच एक अख्खा विषय आहे. त्याला वनस्पती शरीरक्रियाशास्त्र म्हणतात.

जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. ते झाडाला वाढीकडे ढकलतं. धरलेल्या द्राक्षमण्याला मिळालं की मणीच फुगतो. लिंबूवर्गीय झाड फुलाच्या तयारीत असताना ते मिळालं की फूल मागे पडतं, पालवी पुढे सरते. म्हणून हस्त बहरासाठी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या फुलोऱ्यासाठी, जूनमध्ये ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) जीए, सप्टेंबरात वाढ रोखणारं १००० पीपीएम सायकोसिल आणि ऑक्टोबरात १ टक्का पोटॅशियम नायट्रेट अशी शिफारस आहे. जून-जुलैतला मृग बहर दबतो आणि उन्हाळ्यात, लिंबाला भाव असताना, फळ हाती येतं. आता गंमत बघ. स्पेनमध्ये बिनबियांच्या क्लेमेंटाईन संत्र्यावर पाकळ्या गळताना हेच जीए मारतात, ते फळ धरावं म्हणून. बी असलं की फळाला टिकायचा निरोप बीच देतं. तिथे बी नाही, म्हणून तो निरोप बाहेरून द्यावा लागतो. औषध तेच, वेळ वेगळी.

फळगळ थांबवायला संत्रा-मोसंबीत अगदी थोडं २,४-डी वापरतात. जास्त प्रमाणात तेच तणनाशक आहे आणि द्राक्षवेलीला त्याचा नुसता वारा लागला तरी पानं वेडीवाकडी होतात. मामांच्या बागेजवळ त्याचा पंप कधीच नेऊ नकोस.

बाबांची काळजी मला कळते. दुकान टाकणं वाईट नाही, पण तुझी वाट तेवढीच नाही. एमएचटी-सीईटी दे. बीएस्सी (ऑनर्स) कृषी चार वर्षांचं आहे. राहुरी विद्यापीठाची महाविद्यालयं कराडला आणि कोल्हापूरला आहेत, म्हणजे घरापासून फार लांब नाही. पुढे एमएस्सीला शरीरक्रियाशास्त्र किंवा फळशास्त्र घे. नागपूरला लिंबूवर्गीय फळांची आणि पुण्याजवळ मांजरीला द्राक्षाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथे शास्त्रज्ञ व्हायचं तर पीएचडीपर्यंत जावं लागेल. वर्षं बरीच जातील, हे घरात आत्ताच मोकळेपणाने बोला. रसायनशास्त्राचा कंटाळा करू नकोस. जीए पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, आधी स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते. १०० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम. मग ५० ला किती, हे तुला झोपेतही सांगता आलं पाहिजे.

सीईटी झाली की जून येतोच. बाबांकडून आठ झाडं मागून घे. चारांवर जीएचं द्रावण आणि चारांवर तेवढंच स्पिरिट घातलेलं नुसतं पाणी फवार. प्रत्येक झाडाच्या चार फांद्यांना लाल दोरा बांध. दर आठवड्याला फुलं मोज, ऑक्टोबरात पुन्हा मोज आणि दिवाळीनंतर धरलेली फळं मोज. वहीत पावसाची नोंदही ठेव. पहिल्या सत्राच्या सुट्टीत घरी आलीस की ती वही घेऊन मला भेटायला ये.