चौकाचा आराखडा आणि पुढील दहा वर्षांचा खर्च

प्रश्न : आमच्या विभागातील चौक, त्यालगतची बाग आणि दोहोंना जोडणारा पदपथ यांच्या सुधारणेसाठी नगरपालिकेने एकरकमी निधी मंजूर केला आहे. रहिवासी समितीतील काही सदस्यांना कारंजे व कमान हवी आहे, तर इतरांना बाके व दिवे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : कारंजे की बाके, हे ठरवण्याआधी हा निधी संपल्यावर त्या जागेची झाडलोट, पाणी, विजेचे देयक आणि दुरुस्ती कोणत्या खात्यातून होणार, याचे उत्तर नगरपालिकेकडून लेखी मिळवावे. बांधकामाचा खर्च भांडवली असतो आणि तो एकदाच होतो. देखभालीचा खर्च महसुली असतो आणि तो दरवर्षी करावा लागतो. बांधकामासाठी दिलेला निधी सहसा माळ्याच्या वेतनाकडे वळवता येत नाही. त्यामुळे समारंभाने उघडलेली जागा काही वर्षांतच उजाड होते, आणि तेथे येणे सोडून दिलेल्या माणसांना परत आणणे नव्या बांधकामापेक्षाही अवघड ठरते. आपल्या यादीतील प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने आखावेत : उभारणीचा खर्च आणि दहा वर्षे सांभाळण्याचा खर्च. पंप, गाळण यंत्रणा, वीज आणि नियमित सफाई मागणारे कारंजे दुसऱ्या रकान्यात फार महाग पडते. सावली देणाऱ्या झाडाला मात्र पहिली काही वर्षेच जास्त जपावे लागते.

दुसरे काम निरीक्षणाचे. शहरी जीवनाचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी 1970 च्या दशकात न्यूयॉर्कमधील चौकांचे चित्रीकरण करून माणसे कोठे थांबतात व कोठे बसतात याच्या नोंदी केल्या, तेव्हा जागेचा आकार किंवा तिची शोभा यांपेक्षा बसायला पुरेशी सोय आहे की नाही, यावर वर्दळ अधिक अवलंबून असल्याचे दिसले. आपल्या सदस्यांनीही एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस निवडून, सकाळी, दुपारी व दिवेलागणीनंतर मोजणी करावी. एकूण आकड्यावर न थांबता स्त्रिया, मुले, वृद्ध आणि चाकाच्या खुर्चीतून येणारे लोक यांची वेगळी नोंद ठेवावी. अंधार पडताच स्त्रियांची संख्या एकदम घटत असेल, तर दिव्यांचा वाद तेथेच मिटतो.

जे बदल कच्च्या स्वरूपात करून पाहता येतात, ते आधी तसेच करावेत. कोपनहेगनमधील स्ट्रॉयेट हा रस्ता 1962 मध्ये प्रथम प्रायोगिक तत्त्वावर वाहनांसाठी बंद करण्यात आला आणि 1964 मध्ये तो निर्णय कायम झाला. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये 2009 साली रंगाचे पट्टे, कुंड्या आणि साध्या घडीच्या खुर्च्या एवढ्यावरच प्रयोग झाला. पक्के बांधकाम कित्येक वर्षांनी आले. हलवता येणाऱ्या खुर्च्या लोक कोठे ओढून नेतात, हे पाहिले की पक्की बाके कोठे बसवावीत हे नकाशावर तासन्‌तास चर्चा न करताही कळते.

पदपथाची फरशी सर्वांत शेवटी बसवावी. जलवाहिन्या, वीजतारा व गटारे यांची नियोजित कामे संबंधित खात्यांकडून आधी पूर्ण करून घेतली नाहीत, तर नवी फरशी वर्षभरात उखडली जाईल. खोदल्यावर जमिनीखाली काय सापडेल याची खात्री नसते, म्हणून निधीचा काही भाग राखीव ठेवावा आणि ठेकेदाराच्या करारात दोष दुरुस्तीची मुदत स्पष्ट लिहून घ्यावी.

प्रश्न : परिसरातील काही व्यापारी देखभालीसाठी दरवर्षी पैसे देण्यास तयार आहेत. पैसे देणाऱ्यांचाच जागेवर ताबा येईल, अशी रहिवाशांना भीती वाटते. ती रास्त आहे का?

उत्तर : रास्त आहे, पण त्यासाठी मदत नाकारण्याचे कारण नाही. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या भागात 1970 मध्ये एक व्यवस्था सुरू झाली, जिचे अनुकरण पुढे अनेक देशांत झाले : ठरवलेल्या हद्दीतील सर्वच व्यावसायिकांवर आकारणी, तिची वसुली नगरपालिकेकडून आणि तो पैसा त्याच भागात खर्च करणारे मंडळ. दोघातिघांच्या मर्जीवर चालणाऱ्या देणगीपेक्षा सर्वांवरील अशी आकारणी अधिक भरवशाची असते, कारण एखादा देणगीदार रुसला म्हणून दिवे बंद पडत नाहीत.

या मार्गाची मर्यादाही लक्षात घ्यावी. जेथे व्यापार भरभराटीचा आहे, तेथेच असा पैसा उभा राहतो, आणि गरीब वस्तीतील मैदान तसेच उपेक्षित राहते. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने 1989 पासून अंदाजपत्रकाचा काही भाग नागरिकांच्या सभांतून ठरवताना प्रत्येक विभागाची लोकसंख्या आणि तेथील सोयींची उणीव यांनाही वजन दिले होते. म्हणून व्यापाऱ्यांची वर्गणी मिळाल्यावर आपल्या विभागासाठी असलेल्या नगरपालिकेच्या तरतुदीपैकी जी रक्कम वाचेल, ती शेजारच्या दुर्लक्षित विभागाकडे जावी, अशी मागणी आपल्या समितीनेच करावी, असे मला मनापासून वाटते.

करारात जागेची मालकी सार्वजनिक राहील, काही विकत न घेता कोणालाही बसता येईल, प्रवेशाच्या वेळा नगरपालिकाच ठरवेल, खासगी कार्यक्रमांसाठी जागा वर्षातून किती दिवस देता येईल आणि जमाखर्च दरवर्षी रहिवाशांपुढे मांडला जाईल, ही कलमे असावीत. वर्गणीदारांच्या नावाची पाटी लावायची असल्यास तिचा आकारही त्याच करारात ठरवून घ्यावा.