पशुपालकांच्या शंका : बोंडूचा चोथा, वासराचा चीक आणि गोठ्यातील गोचीड

काजूचा हंगाम संपत आला असून पाऊस तोंडावर आहे. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे गुरांच्या खाण्याविषयी आहेत, म्हणून पहिल्या प्रश्नाला यावेळी जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आमची फेणीची भट्टी आहे. बोंडूंचा (काजूच्या रसाळ फळांचा) रस काढल्यावर उरलेला चोथा वाया जाऊ नये म्हणून दोन्ही संकरित गाईंना पाटी भरभरून घातला. दुसऱ्या दिवशी त्यांतील एका गाईने वैरण सोडली, रवंथ करणे थांबले, शेण पातळ व आंबूस वासाचे झाले आणि दूध सहा लिटरांवरून दोन लिटरांवर आले. डॉक्टरांच्या उपचारांनी ती सावरली. बोंडूचा चोथा गुरांना विषारी असतो का?
— वाचक, सत्तरी

उत्तर : चोथा विषारी नाही, अपाय झाला तो त्याच्या प्रमाणाने आणि तो एकाएकी घातल्याने. हे नीट कळण्यासाठी गाईच्या पोटात काय चालते ते पाहावे लागेल. गाईच्या पोटाचे कोटिपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट असे चार कप्पे असतात. यांतील कोटिपोट सर्वांत मोठे असून मोठ्या गाईत त्याची क्षमता १०० ते १५० लिटरांपर्यंत असते. गवतातील तंतू पचवणारा पाचकरस गाईच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाही. ते काम कोटिपोटातील अब्जावधी सूक्ष्मजीव करतात, आणि त्यांनी वैरण आंबवून तयार केलेल्या आम्लांवर गाय जगते व दूध देते. म्हणूनच आपण दावणीत जे टाकतो ते आधी या सूक्ष्मजीवांचे अन्न असते, हे पशुपालनात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने सर्वांत आधी समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

पेंढा पचवणारे सूक्ष्मजीव वेगळे आणि साखर पचवणारे वेगळे. पेंढ्यावर असलेल्या गाईला एकदम पाटीभर गोड चोथा मिळाला की साखरेवर वाढणारे जीवाणू काही तासांत बेसुमार वाढतात आणि लॅक्टिक आम्ल साचत जाते. एरवी ६ ते ७ च्या दरम्यान राहणारा कोटिपोटाचा सामू (आम्लता मोजण्याचा अंक, तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साडेपाचाच्याही खाली उतरतो, तंतू पचवणारे जीव मरू लागतात आणि पोटाची हालचाल मंदावते. आपण वर्णन केलेली सगळी लक्षणे याच आम्लतेची आहेत. त्यातच चोथा एक-दोन दिवस पडून राहिलेला असेल, तर त्यात मद्यार्कही तयार झालेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत काजूच्या बागेत मोकळी सुटलेली गुरे झाडाखालचे बोंडू खाऊन झुलत घरी येतात, हे आपल्या भागात अनेकांनी पाहिलेले असेल.

चोथा घालायचाच असेल तर तो ताजा असतानाच पातळ पसरून कडक उन्हात वाळवावा, बुरशी आलेला भाग टाकून द्यावा आणि पहिल्या दिवशी मूठ-दोन मूठ एवढाच, तोही गाय पेंढा खाऊन झाल्यावर द्यावा. प्रमाण वाढवायचे ते दहा ते पंधरा दिवसांत हळूहळू, कारण पोटातील सूक्ष्मजीवांना नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला तेवढा अवधी लागतो. रिकाम्या पोटी चोथा कधीही घालू नये. पावसाच्या पहिल्या सरींनंतर उगवणाऱ्या कोवळ्या, पाणीदार गवतालाही हाच नियम लागू आहे. जूनमध्ये गुरे ढाळतात त्याचे एक मोठे कारण हा अचानक झालेला बदल असतो. सकाळी चरायला सोडण्यापूर्वी थोडा पेंढा खाऊ घातला तर पुष्कळ फरक पडतो.

एक तपासणी आपण घरीही करू शकता. गाईच्या डाव्या बाजूला, शेवटची बरगडी आणि खुब्याचे हाड यांच्यामधील खळग्यात, म्हणजे डाव्या भकाळीवर, मूठ घट्ट टेकवून उभे राहावे. निरोगी गाईचे कोटिपोट मिनिटाला एक ते दोन वेळा आतून मुठीला वर उचलते. पाच मिनिटे मोजूनही हालचाल लागली नाही, किंवा भकाळी फुगून ताठ झाली असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे. अशा वेळी गाईचे तोंड वर करून बाटलीने तेल किंवा काढा ओतणे फार धोक्याचे आहे. तो श्वासनलिकेत उतरून चांगल्या गाई दगावलेल्या मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : गाय व्याल्यावर वार (गर्भाला पोसणारे आवरण) पडेपर्यंत वासराला चीक पाजू नये, असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. हे बरोबर आहे का?
— वाचक, पेडणे

उत्तर : नाही. वडीलधाऱ्यांचा पूर्ण मान राखून हे स्पष्टपणे सांगावे लागेल, कारण या समजुतीपायी दरवर्षी वासरे हकनाक जातात. माणसाच्या बाळाला आईची रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात असतानाच मिळतात. गाईच्या वारेची रचना अशी असते की ती वासरापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याच्याजवळ रोगांविरुद्ध जवळजवळ काहीच संरक्षण नसते आणि ते केवळ चिकातून मिळते. वासराच्या आतड्यातून ही द्रव्ये रक्तात शिरण्याची वाट जन्मानंतर तासागणिक अरुंद होत जाते आणि सुमारे २४ तासांनी बंद होते. वार पडायला आठ-दहा तास लागले, तर सर्वांत मोलाचा काळ निघून गेलेला असतो. म्हणून नाक-तोंड पुसून, नाळेला टिंक्चर आयोडीन लावून, पहिल्या तासा-दोन तासांतच वासराला पाजावे. पहिल्या दिवशी वजनाच्या एक दशांश, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर चीक तीन-चार वेळांत विभागून मिळायला हवा. वासरू आचळाला लुचू लागले की वार सुटायलाही मदत होते. खरवस करायचा तर वासराचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा करावा.

प्रश्न : फोंडा तालुक्यात आमचे लहानसे कुळागर (माड-पोफळींची बाग) आहे. घरच्या दुधासाठी आणि शेणखतासाठी एक गाय घ्यायची आहे. दलाल पंधरा लिटर दुधाची संकरित गाय सुचवतो. मी श्वेतकपिलेचा विचार करीत आहे. कोणती घ्यावी?
— वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या गरजेला श्वेतकपिला योग्य ठरेल. कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने गोव्याची स्थानिक जात म्हणून तिची नोंद केलेली आहे. मुसकटापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत ती पांढरी असते. पापण्यांचे केससुद्धा पांढरे असतात, ही तिची सहज पटणारी खूण. दिवसाला दोन-तीन लिटरांच्या आसपास दूध, कमी आहार, आणि आपल्या दमट हवेला व गोचिडांना तोंड देण्याची ताकद, असा तिचा हिशेब आहे.

संकरित गाय वाईट नाही, पण तिचे दूध दावणीतून येते. समजा, ३५० किलो वजनाची गाय आठ लिटर दूध देते. तिला वजनाच्या तीन टक्के, म्हणजे रोज सुमारे साडेदहा किलो शुष्क पदार्थ (चारा-खाद्यातील पाणी वगळून उरणारा भाग) लागतो. शरीरपोषणासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो धरल्यास पशुखाद्य पावणेपाच किलोच्या घरात जाते. त्याशिवाय वीस किलो हिरवा चारा, अडीच किलो पेंढा आणि दिवसभर समोर भरलेले पाणी हवे. त्या चाऱ्यासाठी पाण्याखालची सुमारे हजार चौरस मीटर जागा संकरित नेपियर या चाऱ्याच्या गवताला द्यावी लागेल. पंधरा लिटरांच्या गाईला याहून पुष्कळ जास्त लागेल. आधी चारा उभा करावा आणि मग अशी गाय आणावी. आपली सावलीची जागा माडा-पोफळींनी व्यापलेली असणार, तिथे एवढा चारा उभा करणे कठीण, म्हणून मी श्वेतकपिला सुचवतो.

प्रश्न : गोचिडांवर औषध फवारले तरी पंधरवड्यात पुन्हा होतात. शिवाय माकडतापाचीही भीती वाटते.
— वाचक, सत्तरी

उत्तर : गाईच्या अंगावर दिसतात ते थोडे, बाकीचे अंडी आणि पिले या रूपांत गोठ्याच्या भेगांत असतात. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालू शकते. म्हणून भेगा लिंपून चुना मारणे, खालचा कचरा काढणे आणि औषध गोठ्यातही फवारणे ही कामे एकाच दिवशी करावीत व पुढील फवारणी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावी. औषधानंतर किती दिवस दूध वापरायचे नाही, तेही त्यांना विचारावे. गोचीड हाताने चिरडू नयेत.

माकडतापाची भीती अनाठायी नाही. २०१५ पासून सत्तरीत त्याचे रुग्ण आढळले आहेत. त्याचा विषाणू रानातील गोचिडांतून पसरतो. गाईपासून हा ताप थेट माणसाला होत नाही, परंतु रानात चरणाऱ्या गुरांच्या रक्तावर हे गोचीड पोसले जातात आणि गुरांबरोबर घरापर्यंत येऊ शकतात. रानातून आल्यावर गुरांबरोबर स्वतःचेही अंग तपासावे, आणि ताप आल्यास रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : म्हैस माजावर आल्याचे कळतच नाही. काय करावे?
— वाचक, केपे

उत्तर : म्हशीत मुका माज, म्हणजे ठळक लक्षणे न दाखवणारा माज, नेहमीचा असतो, उन्हाळ्यात तर फारच. ती गाईसारखी हंबरत नाही किंवा दुसऱ्या जनावरावर उडत नाही. रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे गोठ्यात जाऊन पाहावे : काचेसारखा स्वच्छ सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), थोडी थोडी लघवी, दुधात अचानक झालेली घट. तारीख भिंतीवर लिहून ठेवावी आणि अठराव्या दिवसापासून पुन्हा लक्ष ठेवावे, कारण माज सुमारे २१ दिवसांनी परततो. सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. दुपारी तिला डुंबायला तळे नसेल, तर अंगावर दोन-तीन वेळा पाणी ओतावे. उन्हाने तापलेली म्हैस माज दाखवत नाही.