ट्रॅकसाठी ठेवलेल्या गाडीतला एसी काढून टाकावा का?

तुम्ही रत्नागिरीचे, जुनी हॅचबॅक घेतलीत, अधूनमधून कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेसच्या ट्रॅकवर पळवायची आणि एरवी घरच्या कामाला वापरायची. एसी काढला तर गाडीला किती फरक पडेल आणि काढायचा कसा, हा तुमचा प्रश्न. कुडाळात माझं गाड्यांच्या एसीचंच गॅरेज आहे, त्यामुळे राहवलं नाही.

गाडी ट्रेलरवरून नेणार असाल तर खुशाल काढा. स्वतः चालवत नेणार असाल तर कोकणात राहून हा उद्योग करू नका.

आधी ताकदीचं बोलू, कारण निम्मे लोक त्यासाठीच मागे लागतात. एसी बंद असतो तेव्हा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, फिरतच नाही. पुलीला त्याच्याशी जोडणारा मॅग्नेटिक क्लच सुटलेला असतो, पुली तेवढी बेअरिंगवर मोकळी फिरते. बऱ्याच गाड्यांत तर एसी चालू असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलात तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःच कॉम्प्रेसर थोडा वेळ सोडून देतो. म्हणजे वाचतं ते फक्त वजन. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, कूलिंग कॉइल, पाइप, ब्रॅकेट सगळं मिळून छोट्या गाडीत पंधरा किलोच्या आसपास. त्यातलं बरंचसं अगदी नाकाशी असतं, त्यामुळे वळणावर पुढची बाजू जरा हलकी वाटते, आणि कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरसमोरची एसीची जाळी, गेला की रेडिएटरला समोरून मोकळी हवा मिळते. हे खरं आहे, नाही कशाला म्हणू.

आता आमच्या दादाचं ऐका. दादा म्हणजे चुलतभाऊ, माझ्याहून मोठा. त्याच्याकडे मारुतीची एस्टीम होती आणि ट्रॅकचं वेड होतं. माझं गॅरेज चार घरं सोडून, पण मला न विचारता त्यानं अंगणात, फणसाखाली, एसी उतरवायला घेतला. मी पोचलो तेव्हा पाइपचा नट पान्यानं सैल करून झाला होता आणि गॅस फुस्स करत चालला होता. हा एसीचा गॅस, आर-१३४ए, उघड्या हवेत उणे सव्वीस अंशाला उकळतो. डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. शिवाय वातावरण तापवण्यात तो शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट. तो मशीननं ओढून सिलिंडरमध्ये घ्यायचा असतो, आणि ते मशीन माझ्याकडे होतं. मी ओरडलो तर म्हणतो, "अरे, रेसच्या गाडयेक एसी कित्याक? ती काय लग्नातली नवऱ्याची गाडी आसा?"

मग डॅशबोर्ड उतरवून कॉइलसोबत हीटरचा बॉक्सही काढला, कारण कोकणात गरम हवा कुणाला लागते. पाइप गेले ती फायरवॉलची, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याची, भोकं चिंध्या कोंबून बंद केली. डिकीतला सबवूफर मात्र जागचा हलला नाही. तो एकटा कॉम्प्रेसरपेक्षा जड असेल.

पावसाळा संपता संपता आम्ही चौघं त्या गाडीतून करीला निघालो, सावंतवाडी, आंबोली, बेळगाव अशा वाटेनं. दाणोली सोडली आणि घाटात जो कोसळला! काच बाहेरून पावसानं थंड, आत चौघांचे ओले कपडे आणि श्वास. पाच मिनिटांत समोर दुधासारखं पांढरं. एसी असता तर दमट हवा थंड कॉइलवरून गेली असती, तिचं पाणी तिथेच सुटून खालच्या नळीनं रस्त्यावर गळालं असतं आणि काचेवर कोरडी हवा आली असती. हीटर असता तरी काच तापवून थोडंफार भागलं असतं. आमच्याकडे टॉवेल होता. पुसलं की पाण्याचे ओरखडे राहायचे, आणि समोरून ट्रक आला की फक्त ते ओरखडे लखलखायचे. काचा खाली केल्या तर मांडीवर पाणी. दादानं तंबाखूची पुडी काढून काचेला चोळली. ती बाहेरून चोळायची असते, यानं आतून चोळली. त्यात चिंध्यांमधून इंजिनचा वास आत येत होता. शेवटी एका एसटीचे मागचे लाल दिवे धरून घाट चढलो. दादा आजही म्हणतो, "पाऊसच तसो होतो." अरे, आंबोलीत पाऊस तसाच असतो!

ज्यांना वाटतं एसी म्हणजे चैन, त्यांनी फेरारी एफ४० बघावी. १९८७ ची, वजनापायी गालिचे काढले, दाराच्या आतल्या हँडलऐवजी वायर लावली, म्युझिक सिस्टिम दिलीच नाही. एसी ठेवला, कारण त्या केबिनमध्ये माणूस शिजला असता. आमच्या दादानं नेमकं उलटं केलं. आपल्या सरकारनंही २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला, तो काही ड्रायव्हरचे लाड म्हणून नाही.

तरीही काढायचाच असेल तर गॅस आधी मशीननं काढून घ्या. कंडेन्सरसमोरचा पंखा फेकू नका, रेडिएटरला जोडून घ्या, ट्रॅकवर उपयोगी पडतो. एसीचा पट्टा वेगळा असेल तर काम सोपं. एकच लांब पट्टा सगळं फिरवत असेल तर आखूड पट्टा किंवा मोकळी पुली शोधावी लागेल. फायरवॉलची भोकं पत्रा आणि सीलंटनं बुजवा, आग लागली तर तीच भिंत तुमच्या आणि इंजिनच्या मध्ये असते. हीटर आणि ब्लोअर काहीही झालं तरी ठेवा.

हो, एक राहिलं. नव्या काही गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, तो कायम फिरतो. तिथे वरचं ताकदीचं गणित थोडं बदलतं. पण तुमची जुनी आहे म्हणालात.

काढलेल्या भागांच्या तोंडांना लगेच टोप्या लावा, कारण कॉम्प्रेसरमधलं पॅग तेल आपल्या हवेतलं पाणी शोषून घेतं आणि मग आतून गंज धरतो. आणि भंगारात देऊ नका. दादानं सगळं दिलं. मुलीचं लग्न ठरल्यावर त्याला एस्टीममध्ये एसी परत हवा झाला, मी सुट्या भागांसकट खर्च सांगितला, तेव्हापासून तो बाजारात दिसला तरी रस्ता बदलतो.