लष्करी ट्रकचा टिपर करताना

भाऊ, लिलावातून घेतलेली स्टॅलियन, म्हणजे अशोक लेलँडचा लष्करी ट्रक, दणकट गाडी आहे. पण हौदा (मागचा माल भरायचा भाग) उचलणारा हायड्रॉलिक सिलिंडर घेण्याआधी चेसिस, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, बघ. हौद्याची बिजागरी थेट चेसिसवर वेल्ड करू नकोस. वर चॅनेलची सब-फ्रेम, म्हणजे जोडचौकट, टाक, यू-बोल्टने आवळ.

आता खरी मेख. 150 मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर 150 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला साधारण साडेसव्वीस टन जोर देतो. ऐकून वाटतं, भरपूर झालं. पण हौद्याखाली तो जमिनीशी 20 अंशांत, जवळजवळ आडवा बसवला, तर सुरुवातीला वर ढकलणारा जोर जेमतेम नऊ टन उरतो. सगळा ताण पहिल्या वीतभर उचलीलाच येतो, सब-फ्रेम वाकते तीही तेव्हाच. म्हणून जागा असेल तेवढा सिलिंडर उभा धर.

तेलाचा पंप पीटीओवर, म्हणजे गिअरबॉक्समधून ताकद बाहेर घेणाऱ्या जोडणीवर. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच.

आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीत पावसानंतर एका बाजूचं चाक रुतलं, की उचललेला हौदा गाडीला घेऊन आडवा होतो. कडक, सपाट जागीच उचल. टेकू लावल्याशिवाय हौद्याखाली डोकं घालायचं नाही, हे हात जोडून सांगतो.

आणि काम सुरू करण्याआधी आरटीओची परवानगी काढ. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52.